मोटारीचा सेल्फ

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळाच्या वर्धापनदिनाला दर वर्षी आपल्यापैकी कोणी ना कोणी बोलते. या वेळी चिटणीसबाईंनी माझे नाव घातले आणि म्हणाल्या, “तुम्ही विलायतेला जाऊन आलात, तिकडची हकीकत सांगा.” मी सातवी शिकलेली बाई. लंडनचा राजवाडा आणि टेम्स नदीवरचा पूल यांविषयी सांगणाऱ्या पुष्कळ जणी आहेत, आणि ती चित्रे आपण घरबसल्याही पाहतो. मी सहा महिने राहिले ती एका लहानशा खेड्यात, भावजयीच्या बाळंतपणासाठी. तिथे बाळ-बाळंतिणीचे करता करता माझ्या हातून आणखी एक काम झाले. ते म्हणजे एका जुन्या मोटारीचा सेल्फ बदलण्याचे. त्याविषयीच आज चार शब्द बोलणार आहे.

काही जणी हसताहेत. हसा, पण ऐका. कारण हे काम मला जमले ते मी फार हुशार आहे म्हणून नव्हे. त्यात जी नजर लागते ती आपल्या रोजच्या स्वयंपाकघरातलीच आहे, हे मला तिथे कळले, आणि तेच तुम्हांला सांगायचे आहे.

आधी सेल्फ म्हणजे काय ते सांगते. मोटारीचे इंजिन आपण होऊन सुरू होत नाही. त्याला आधी कोणीतरी फिरवावे लागते, मग त्यात पेट्रोल पेटते आणि ते स्वतःच्या जोरावर चालू लागते. चुलीतले लाकूड पेटेपर्यंत फुंकणीने फुंकावे लागते, तसेच हे. पूर्वी हे फुंकणीचे काम माणसाच्या दंडावर असे. गाडीच्या पुढच्या बाजूला लोखंडी हँडल घालून ते जोराने फिरवायचे. इंजिनाने उलटी लाथ मारली की हँडल उलटे फिरे आणि फिरवणाऱ्याचे मनगट मोडे. म्हणून जाणती माणसे हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवीत, आपण लाटणे धरतो तशी पक्की मूठ आवळीत नसत.

अमेरिकेत चार्ल्स केटरिंग नावाच्या गृहस्थांनी १९११ साली विजेवर चालणारा सेल्फ तयार केला आणि १९१२ सालच्या कॅडिलॅक गाड्यांना तो बसवून मिळू लागला. हे गृहस्थ आधी दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटार बसवण्याचे काम करीत. गल्ल्याचा खण उघडण्यासाठी मोटार दिवसभर फिरावी लागत नाही, क्षणभर जोर लावला की पुरे. तोच विचार त्यांनी गाडीला लावला. लहान मोटारीवर काही सेकंद तिच्या ताकदीबाहेरचा भार टाकायचा आणि लगेच तिला विश्रांती द्यायची. आपला मिक्सर सलग चालवू नका, मध्ये थांबा, असे जे सांगतात, त्याचे कारणही हेच. आणि हँडल मारण्याची सक्ती गेल्यामुळे बायकांना स्वतःच्या बळावर गाडी घेऊन बाहेर पडणे किती सोपे झाले असेल, हे तुम्हांला सांगायला नको.

आता ती गाडी. माझा भाऊ राहतो ते खेडे ॲबिंग्डन या गावाजवळ आहे. ऑक्सफर्डपासून हे गाव फार लांब नाही. या गावात एम.जी. गाड्यांचा कारखाना होता. एम.जी. म्हणजे मॉरिस गॅरेजेस. विल्यम मॉरिस या ऑक्सफर्डच्या माणसाने सायकली दुरुस्त करता करता मोटारींचा केवढा मोठा धंदा उभा केला, त्याच्याच गॅरेजातून हे नाव निघाले. अष्टकोनात दोन अक्षरे, ही तिची खूण. ॲबिंग्डनला १९६२ पासून १९८० पर्यंत एम.जी.बी. नावाची ठेंगणी, दोन माणसांची, छप्पर मागे टाकता येणारी गाडी तयार होत होती. एम.जी.बी. नावाच्या एकूण पाच लाखांहून अधिक गाड्या निघाल्या. १९८० च्या ऑक्टोबरात तो कारखाना बंद झाला. पण त्या गाड्या तिकडच्या लोकांनी जिवापाड सांभाळल्या आहेत. आपण आजीची पैठणी सांभाळतो, तशा.

भावाच्या शेजारी चौऱ्याहत्तर वर्षांच्या एक बाई राहत. त्यांचे यजमान त्याच कारखान्यात होते. २०२२ च्या जून महिन्यात ते वारले. त्यांची १९६६ सालची लाल एम.जी.बी. तेव्हापासून शेडमध्ये उभी होती. मी गेले २०२३ च्या एप्रिलात. शेजारीणबाई रोज सकाळी शेड उघडीत, गाडीत बसत, किल्ली फिरवीत. गाडी एकदा कण्हल्यासारखी करी आणि गप्प होई. त्या शेड बंद करून आत जात. मी बाळाला मांडीवर घेऊन खिडकीतून हे पाहत असे.

एका गॅरेजवाल्याने येऊन गाडी नीट न उघडताच एवढा मोठा आकडा सांगितला की त्यांनी हातच जोडले. परगावी असलेल्या मुलाचे म्हणणे होते की विकून टाक. महिनाअखेर गिऱ्हाईक येणार होते. त्यांच्या मनात मात्र एकच होते. यजमान दर वर्षी जून महिन्यात त्यांना त्या गाडीतून एका टेकडीवर घेऊन जात. वर्षश्राद्धाच्या दिवशी तिथे एकदा तीच गाडी घेऊन जायचे आणि मग काय व्हायचे ते होवो. वर्षश्राद्ध हा शब्द माझा. त्यांनी नुसती तारीख सांगितली. पण त्यातले मन मला कळायला अडचण पडली नाही.

आता तुम्ही विचाराल की तुला यातले काय कळते? तेही सांगते. माझ्या बाबांचे कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात मोटारींच्या विजेच्या कामाचे दुकान होते. डायनॅमो, सेल्फ, वायरिंग. सातवीनंतर माझी शाळा थांबली. घरात ओढाताण होती आणि भावाला पुढे शिकवायचे होते. दुपारी बाबांचा डबा घेऊन जायची आणि तिथेच बसायची. रॉकेलमध्ये सुटे भाग धुवायचे, काचपेपर मारायचा, कार्बन मोजायचे, ही कामे माझ्याकडे. त्या वेळी रस्त्यावर ॲम्बॅसडर गाड्या फार. ॲम्बॅसडर म्हणजे मूळची विलायतेतली मॉरिस ऑक्सफर्ड. त्याच मॉरिसची. तिचे १४८९ सीसीचे इंजिन आणि या लाल गाडीचे १७९८ सीसीचे इंजिन एकाच कुळातले, बी-सिरीज म्हणतात त्या कुळातले. सेल्फही त्याच जातीचा, लुकास कंपनीचा. ही कंपनी बर्मिंगहॅमची, दिव्यांच्या धंद्यातून वर आलेली. तिने १९६१ मध्ये आपल्याकडे मद्रासच्या मंडळींबरोबर लुकास-टीव्हीएस कंपनी काढली. तेव्हा शेजारीणबाईंनी बॉनेट उघडले आणि मी आत वाकून पाहिले, तर मला परक्या देशात माहेरचे माणूस भेटावे तसे झाले.

माझे इंग्रजी सातवीचे. पण उद्यमनगरातले इंग्रजी पक्के. आर्मेचर, बेंडिक्स, बुश, कार्बन, टर्मिनल हे शब्द मी बोलले की शेजारीणबाईंचा चेहरा उजळे. बाकीचे खुणांनी. भाऊ म्हणाला, “अक्का, तू कशाला पडतीयास यात? एखादा मेकॅनिक बघू की आपण.” तो संगणकाचा इंजिनिअर. त्याने आयुष्यात पाना धरलेला नाही. मी म्हटले, “तू बाळाकडे बघ. आम्ही गाडीकडे बघतो.”

बाबांचा पहिला नियम असा होता की सेल्फला दोष देण्याआधी त्याच्यापर्यंत वीज पोचते का ते पाहावे. गाडी फिरेना की लोक लगेच सेल्फ काढतात. भाजी अळणी लागली म्हणून कोणी चूल बदलत नाही. सेल्फला क्षणभर शंभर-दोनशे अँपिअर वीज लागते, अडकला तर त्याहून जास्त. म्हणून त्याची वायर अंगठ्याएवढी जाड असते. मध्ये कुठे एक सांधा मळलेला असला तर वीज तिथेच अडते आणि तो सांधा गरम होतो. या गाडीत तर बॅटऱ्या दोन, सहा-सहा व्होल्टच्या, आणि त्या सीटांच्या मागे. म्हणजे वायर गाडीच्या पाठीपासून पोटापर्यंत जाते. शिवाय इंजिन रबरावर टेकलेले असल्यामुळे त्याला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारी एक धातूची पट्टी लागते. ती गंजली तरी तोच प्रकार.

आधी पुढचे दिवे लावून किल्ली फिरवली. दिवे लख्ख राहून आवाजच आला नसता, तर वीज सेल्फपर्यंत पोचत नाही असे समजायचे. सेल्फ नुसताच घर्र फिरला असता आणि इंजिन जागचे हलले नसते, तर बेंडिक्स मळाने अडकला असे समजायचे. इथे दिवे एकदम मंदावले आणि इंजिन कण्हले. म्हणजे बॅटरी अशक्त, किंवा सांधे मळलेले, किंवा सेल्फच झिजलेला. तीन संशयित.

बॅटऱ्यांच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी चढली होती. गरम पाण्यात खायचा सोडा घालून ती धुतली, पितळी ब्रशने घासली, वरून व्हॅसलीन लावले. इंजिनाची पट्टी काढून दोन्ही टोके चकचकीत केली. बॅटऱ्या रात्रभर चार्ज केल्या. दुसऱ्या दिवशी किल्ली फिरवली तर आवाज थोडा मोठा झाला, पण कण्हणे तेच. मग भावाच्या मीटरने पाहिले. किल्ली फिरवलेली असताना बॅटरीवर दहाच्या वर व्होल्ट होते आणि सेल्फच्या टर्मिनलवर अर्ध्या व्होल्टहून कमी फरक. म्हणजे दोन संशयित सुटले. राहता राहिली शंका की इंजिनच जाम झाले आहे का. गाडी चौथ्या गिअरमध्ये घालून दोघींनी ढकलली. इंजिन सहज फिरले. तेव्हा मी खात्रीने सांगितले की सेल्फ काढायचा. या सगळ्या तपासाला खर्च आला तो दोन चमचे खायच्या सोड्याचा.

काम सुरू करण्याआधी एक गोष्ट केली, ती प्रत्येकीने लक्षात ठेवावी. हातातल्या बांगड्या आणि अंगठी काढून ठेवली, मंगळसूत्र पदरात नीट खोचले. गाडीच्या बॅटरीचा शॉक लागत नाही म्हणून लोक बेफिकीर असतात. पण धातूची बांगडी टर्मिनलपासून गाडीच्या पत्र्याला टेकली तर ती लाल होते आणि हात भाजतो. म्हणून आधी बॅटरीची पत्र्याकडची तार सोडायची. आपल्याकडच्या आताच्या गाड्यांना ती निगेटिव्ह असते. या जुन्या गाडीत उलटे होते, पॉझिटिव्ह तार पत्र्याला जोडलेली. पाहून, समजून मगच हात घालायचा. दुसरी गोष्ट, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जायचे नाही. खाली लोखंडी घोड्या लावायच्या, गाडी हलवून पाहायची, मग आत सरकायचे.

सेल्फ इंजिनाच्या उजव्या कुशीत, अगदी मागे, अवघड जागी असतो. दोन बोल्टांवर बसतो. एक वरून हाती लागतो, एक खालून. भावाच्या पेटीतला चौदाचा पाना बोल्टवर बसेना, पंधराचा ढिला होई. ढिला पाना लावला की बोल्टचे कोपरे गोल होतात आणि मग ते काम चारपट वाढते. जुन्या इंग्रजी गाड्यांना इंचाचे पाने लागतात. शेजारीणबाईंनी यजमानांची पेटी आणली. तिच्यात नऊ-सोळांश इंचाचा पाना होता. त्याच्या दांड्यावर लाल रंगाचा ठिपका. त्यांनी तो थोडा वेळ हातात धरला आणि मग मला दिला. मी खाली, त्या वर. खालचा बोल्ट मी सोडवला. वरच्यासाठी त्यांनी डिस्ट्रिब्युटरची टोपी बाजूला केली आणि लांब दांडा लावून जोर दिला. चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्यांच्या मनगटात अजून बळ होते. दोन्ही बोल्ट सुटले तेव्हा मी सेल्फ छातीवर झेलला. आमच्या महिन्याच्या भाच्याच्या दुप्पट वजनाचा होता.

स्वयंपाकाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून तो उघडला. आतली रचना सोपी आहे. मध्ये फिरणारे आर्मेचर, भोवती स्थिर गुंडाळ्या. आर्मेचरच्या एका टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचा कम्युटेटर, त्यावर चार कार्बन टेकलेले. वीज कार्बनमधून आत जाते. आपल्या मिक्सरमध्येही असेच दोन कार्बन असतात. मिक्सरमधून ठिणग्या दिसू लागल्या, जळकट वास आला, की बहुधा ते झिजलेले असतात. दुसऱ्या टोकाला बेंडिक्स. म्हणजे आटे पाडलेल्या दांड्यावर बसलेले दातेरी चाक. आर्मेचर झटक्याने फिरले की हे चाक आट्यांवरून सरकत जाऊन फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकते आणि इंजिन फिरवते. इंजिन सुरू होऊन जोरात फिरू लागले की तेच त्याला मागे फेकते. जुन्या काळातली किती साधी युक्ती! या आट्यांना पुष्कळ जण तेल नाहीतर ग्रीस लावतात. ते करू नये. तेलावर क्लचची धूळ बसते, तिचा चिकटा होतो आणि चाक सरकेनासे होते. रॉकेलने धुऊन कोरडे ठेवावे.

कार्बन झिजून आखूड झाले होते. तेवढेच असते तर ते बदलून काम भागले असते. कम्युटेटर काळा पडला होता, तोही काचपेपरने साफ झाला असता. बाबा डायनॅमोच्या कम्युटेटरच्या पट्ट्यांमधला अभ्रक ब्लेडने खोल कोरीत, पण सेल्फचा कधी कोरीत नसत. तोही फरक मला आठवला. पण मी आर्मेचरचा दांडा हलवून पाहिला तर तो ताकात रवी फिरावी तसा सैल हालत होता. ज्या पितळी बुशांत तो फिरतो, ते झिजून लांबट झाले होते. त्यामुळे आर्मेचर बाजूला झुकून भोवतीच्या लोखंडाला घासत होते, आणि त्याच्या अंगावर चकचकीत ओरखडे उठले होते. वीज पोचत होती, पण सगळा जोर घासण्यात जात होता.

मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. कोल्हापुरात संध्याकाळ होती. बाबा आता थकले आहेत. मी फोन आर्मेचरवर धरला. त्यांनी चष्मा चढवला आणि म्हणाले, “बुश गेल्यात. आर्मेचर घासलंय. ह्याच्या नादी लागू नको, दुसरा घे.” मी म्हटले, “मीही तेच म्हटलंय त्यांना.” बाबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “एवढं ध्यानात हाय व्हय तुझ्या? बत्तीस वर्सं झाली.” मी हो म्हटले. ते म्हणाले, “तुला शिकवायला पायजे हुतं.” भगिनींनो, हे वाक्य ऐकायला मला ॲबिंग्डनपर्यंत जावे लागले. मी त्यांना म्हटले, “शिकवलंत की, म्हणून तर आलं.” आणि फोन शेजारीणबाईंकडे दिला. त्या त्यांना इंग्रजीतून आणि बाबा त्यांना कोल्हापुरीतून काय काय सांगत होते, देव जाणे. पण दोघेही बुशांविषयी बोलत होते, एवढे नक्की.

तिकडे जुना सेल्फ देऊन दुरुस्त केलेला सेल्फ घेण्याची पद्धत आहे. आपण भांड्यांच्या दुकानात मोड देऊन नवे पातेले घेतो, तसेच. मागवताना मात्र सावध राहावे लागते. १९६७ च्या अखेरीपर्यंतच्या एम.जी.बी.ला हा बेंडिक्सचा सेल्फ आहे. त्यानंतरच्या गाड्यांना दुसऱ्या जातीचा, ज्याच्या डोक्यावर सोलेनॉइड बसलेला असतो आणि चाक आधी दात्यांत घालून मगच मोटार फिरवतो. दोन्हींच्या फ्लायव्हीलचे दाते वेगळे. एकाच्या जागी दुसरा बसवायला जाऊ नये. म्हणून गाडीचा नंबर कळवून त्याच जातीचा मागवला. शेजारीणबाईंना जुना द्यायचे जिवावर आले होते, कारण तो यजमानांनी स्वतः बसवलेला. शेवटी त्यांनी त्यातला एक झिजलेला कार्बन काढून घेतला आणि आपल्या बटणांच्या डबीत ठेवला. बाकीचा दिला.

तीन दिवसांत दुसरा आला. बसवण्याआधी जुना आणि नवा शेजारी शेजारी ठेवून लांबी, बोल्टांची भोके, चाकाचे दाते जुळवून पाहिले. जिथे तो इंजिनाला टेकतो ती जागा दोन्हीकडून स्वच्छ केली, कारण वीज परत जाते ती तिथूनच. रंगाचा थर मध्ये राहिला तर नवा सेल्फही कण्हतो. मग काढले त्याच्या उलट क्रमाने बसवले. बॅटरीची तार सगळ्यात शेवटी जोडली.

शेजारीणबाई गाडीत बसल्या. किल्ली अर्धी फिरवली तशी मागे पेट्रोलच्या पंपाची टिकटिक सुरू झाली. ती थांबेपर्यंत त्या थांबल्या. चोक ओढला. मी त्यांना बोटे दाखवून सांगितले की पाच-सहा सेकंदांपेक्षा जास्त धरायचे नाही, मध्ये विश्रांती द्यायची. पहिल्या वेळी इंजिन जोराने फिरले, पण पेटले नाही. वर्षभर उभी गाडी ती. दुसऱ्या वेळी एकदा ठसकले. तिसऱ्या वेळी सुरू झाले. सगळी शेड धुराने भरली. भाऊ बाळाला घेऊन दारात उभा होता, तो मागे पळाला. शेजारीणबाई बाहेर आल्या नाहीत. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून इंजिन तापेपर्यंत तशाच बसून राहिल्या. मीही काही बोलले नाही.

ज्या तारखेला त्यांना जायचे होते त्या दिवशी त्या मलाही घेऊन गेल्या. वॉन्टेज गावावरून पुढे अफिंग्टनची टेकडी लागते. टेकडीच्या उतारावर एक भला मोठा पांढरा घोडा आहे, शंभर मीटरहून लांब. गवत आणि माती खोदून चर केले आहेत आणि त्यांत पांढरा खडू ठासून भरला आहे. तीन हजार वर्षांचा आहे म्हणतात. मी विचारले, इतकी वर्षे पावसापाण्यात तो राहिला कसा? तर ठराविक काळाने आजूबाजूचे लोक जमतात, वाढलेले गवत काढतात आणि नवा खडू हातोडीने ठोकून भरतात. एरवी थोड्याच वर्षांत गवताने तो झाकून गेला असता. दगडी मंदिर नाही, किल्ला नाही, नुसती रेघ. पण डागडुजी करणारे हात कोणत्याच पिढीत थांबले नाहीत म्हणून ती राहिली.

गाडी विकली गेली नाही. महिनाअखेर आलेल्या गिऱ्हाइकाला त्यांनी चहा दिला आणि परत पाठवले. आता त्या आठवड्यातून एकदा बाजाराला गाडी काढतात, असे भावजय फोनवर सांगते. उभी गाडी लवकर बिघडते, चालती कमी बिघडते, हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही.

आता आपल्याविषयी. आपल्यापैकी पुष्कळींच्या घरी स्कूटर आहे, काहींच्या दारात मोटार आहे, मिक्सर, शिलाईयंत्र, पाण्याचा पंप तर घरोघर आहे. यांतले काही बंद पडले की आपण हात झटकतो आणि घरचे पुरुष येईपर्यंत, नाहीतर दुरुस्तीवाला येईपर्यंत वाट पाहतो. त्याने सांगितलेला आकडा खरा की खोटा हे आपल्याला कळत नाही. ज्यांच्या घरी वाट पाहावी असे कोणी उरलेले नाही, त्या काय करतात? आपल्या मंडळात अशा अकरा जणी आहेत. मी मोजल्या आहेत. त्यांना दुरुस्ती स्वतः करता आली नाही तरी चालेल, पण काय बिघडले आहे हे ओळखता आले पाहिजे. मिक्सरचा कार्बन गेला आहे, मोटार जळलेली नाही, एवढे एक वाक्य दुकानदारापुढे ठामपणे बोलता आले तरी पुष्कळ पैसे वाचतात आणि मान ताठ राहते.

म्हणून मी एक सुचवते. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी तीन ते साडेचार मंडळाच्या खोलीत आपण बसू. प्रत्येकीने घरातली बिघडलेली एक वस्तू आणावी. प्लग आधी काढलेला असावा, बांगड्या घरी ठेवून याव्यात. फ्यूजची तार कशी घालायची, प्लग कसा बसवायचा, कार्बन कसा पाहायचा, स्कूटरच्या बॅटरीची टर्मिनले कशी धुवायची, हे मला जेवढे येते तेवढे मी दाखवीन. जिथे माझे अडेल तिथे बाबांना फोन लावू. त्यांनी होकार दिला आहे आणि ते वाट पाहत आहेत. मुलींनाही आणा. शाळेत जाणाऱ्या मुलींना तर अवश्य आणा.

पहिल्या शनिवारी माझ्या घरचा मिक्सर मी स्वतः उघडून दाखवीन. पाने आणि पेचकस बाबांच्या दुकानातले आहेत, मी ते पुसून ठेवले आहेत.